लँबिक आणि क्रीक : ब्रसेल्स परिसरातील फळांच्या गहू-बियरचा इतिहास

ब्रसेल्स शहर आणि त्याच्या नैर्ऋत्येला पसरलेला पायोटनलांट हा उंचसखल शेतजमिनीचा टापू मिळून जो लहानसा प्रदेश होतो, त्यात गेली दोन शतके तरी गव्हाची एक आंबट बियर तयार होत आली आहे. तिला लँबिक म्हणतात, आणि हीच लँबिक आंबट चेरींवर महिनोन्महिने मुरवली की तिची क्रीक होते. फळाच्या चवीची म्हणून आज बाजारात जी गव्हाची बियर मिळते, तिच्यात बहुधा तयार बियरमध्ये अखेरीस फळाचा रस, सरबत किंवा अर्क मिसळलेला असतो. क्रीकमधले फळ आंबवण्याच्या क्रियेतच खर्ची पडते. चेरीतली साखर पिंपातले किण्व, म्हणजे यीस्ट, खाऊन टाकते आणि मागे उरतो तो चेरीचा आंबटपणा, सालीचा गडद रंग आणि आठळीतून उतरलेला कडू बदामाचा वास. गोडवा जवळजवळ नाहीच, आणि त्यामुळे क्रीक पहिल्यांदा चाखणारा माणूस हमखास चकतो. या पेयाचा इतिहास लक्षपूर्वक पाहिला तर साखर कोणी घालायची, पिणाऱ्याने की बनवणाऱ्याने, हा वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा वर येतो, आणि लहान ब्रुअऱ्यांचे जगणे-मरणे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरलेले दिसते.

लँबिकच्या घाण्यात धान्याचा ३० ते ४० टक्के भाग मोड न आणलेल्या कच्च्या गव्हाचा आणि उरलेला जवाच्या माल्टचा असतो. १९६५ च्या बेल्जियन राजाज्ञेने गव्हाचे किमान प्रमाण ३० टक्के ठरवून दिले. माल्ट म्हणजे भिजवून मोड आणलेले आणि नंतर भट्टीत वाळवलेले जव. मोड येताना दाण्यात विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार होतात आणि गरम पाण्यात तीच स्टार्चची साखर करतात. कच्च्या गव्हात अशी विकरे फारशी नसल्याने त्याचा स्टार्च जवाच्या जिवावरच फुटतो आणि तोही पुरता फुटत नाही. हा अपुरेपणा दोष मानून दुरुस्त करावा असे ब्रसेल्सच्या ब्रुअरांना वाटले नाही, याला चवीइतकेच करपद्धतीचेही कारण होते. १८२२ मध्ये, म्हणजे बेल्जियम संयुक्त नेदरलँड्स राज्याचा भाग असताना, बियरवर जो कर बसला तो तयार बियरवर किंवा वापरलेल्या धान्यावर न आकारता धान्य भिजवण्याच्या हौदाच्या आकारमानावर आकारला जाई. १८३० मध्ये देश स्वतंत्र झाला तरी ही रीत चालू राहिली आणि १८८५ मध्येच ती मोडीत निघाली. हौद लहान तर कर कमी, हे उघड असल्याने ब्रुअर लहान हौदात धान्य इतके गच्च भरत की ढवळायलाही जागा उरत नसे. मग पाणी थोडेथोडे घालायचे, वेताची टोपली त्या घट्ट रबड्यात दाबून बसवायची आणि तिच्यात झिरपून आलेले दुधट, गढूळ पाणी उपसून वेगळ्या भांड्यात उकळायचे, असा क्रम पडला. उकळताच त्या पाण्यातली विकरे मरत आणि न फुटलेला स्टार्च व लांब साखळ्यांच्या शर्करा तशाच राहून जात. नेहमीच्या यीस्टला त्या पचवता येत नाहीत. पण लँबिकच्या पिंपात जे इतर जीव वर्षानुवर्षे राबतात, त्यांचे हेच अन्न आहे. करातून पैसे वाचवण्याच्या खटपटीने ज्या पद्धतीला बळ दिले, तिच्यातच बियरच्या तीन वर्षांच्या आयुष्याची शिदोरी बांधली गेली होती, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय बाब म्हणावी लागेल.

असा मिळालेला गोड काढा, ज्याला वर्ट म्हणतात, तो हॉप नावाच्या वेलीच्या वाळलेल्या फुलांसह तीन-चार तास किंवा त्याहूनही जास्त वेळ उकळतात. इतर बियरमध्ये हॉप ताजे हवे असते, कारण कडवटपणा आणि सुगंध त्याच्यापासूनच मिळतो. लँबिकसाठी मात्र मुद्दाम दोन-तीन वर्षे जुने, सुगंध उडून गेलेले हॉप वापरतात, आणि तेही भरपूर. त्यामुळे कडूपणा फारसा उतरत नाही, पण नको ते जंतू रोखून धरण्याची हॉपची शक्ती कामी येते. उकळलेला वर्ट ब्रुअरीच्या माळ्यावरील एका रुंद, उथळ, तांब्याच्या पात्रात सोडतात. कूलशिप या नावाने ओळखले जाणारे हे पात्र फारतर गुडघाभर खोल असते आणि त्याच्या वरच्या छपराला व भिंतींना झडपा ठेवलेल्या असतात. रात्रभर थंड वारा त्या वाफाळत्या पृष्ठभागावरून वाहतो, आणि हवेतून, लाकडी तुळयांवरून, छपराच्या खापऱ्यांवरून सूक्ष्मजीव त्यात उतरतात. इतर बियरमध्ये या टप्प्यावर ब्रुअर निवडून वाढवलेले यीस्ट घालतो, दुधाला विरजण लावावे तसे. लँबिकला विरजण लावले जात नाही. म्हणूनच तिचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असा हिवाळ्याचा राहिला आहे, कारण उन्हाळ्यात रात्री उबदार असतात, वर्ट सकाळपर्यंत पुरेसा निवत नाही आणि त्याची नासाडी करणारे जंतू हवेत माजलेले असतात.

सकाळी निवलेला वर्ट ओक किंवा चेस्टनटच्या पिंपांत भरला जातो. ही पिंपे बहुधा वाइनच्या व्यापारातून जुनी झालेली असतात, आणि त्यांच्या लाकडाच्या रंध्रांत आधीच्या घाण्यांचे जीव मुक्कामाला असतातच. त्यामुळे लँबिक केवळ हवेची देणगी आहे हे लोकप्रिय वर्णन पुरते खरे नाही, पिंप आणि इमारत यांचाही त्यात तेवढाच वाटा आहे. पहिले काही आठवडे आतड्यांतील जंतूंच्या कुळातले जीव वावरतात, मग ओळखीचे सॅकॅरोमायसीस यीस्ट जोर धरते आणि काही महिने साध्या साखरेचा फडशा पाडते. त्यानंतर पेडिओकॉकस हे जिवाणू लॅक्टिक आम्ल करू लागतात, आणि त्यांच्या अमलाखाली बियर काही काळ तेलकट, तार सुटावी इतकी चिकट होते; अनुभवी ब्रुअर या अवस्थेला आजारपण समजून धीर धरतो. अखेरीस ब्रेटॅनोमायसीस नावाचे संथ यीस्ट तो चिकटपणा पचवते, उरलेल्या लांब शर्करा संपवते आणि ओलसर गवत, चामडे, घोड्याच्या पाठीवरचे घोंगडे अशा वर्णनांनी ओळखला जाणारा वास बियरला देते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील नील्स येल्टे क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये या यीस्टचे नामकरण केले ते इंग्लंडमधील साठवणीच्या बियरच्या अभ्यासातून. लँबिकमधून मिळालेल्या त्याच्या प्रकाराचे वर्णन ब्रसेल्सच्या कुफेराथ आणि व्हान लाएर या संशोधकांनी १९२१ मध्ये केले, आणि ब्रसेल्सचे नाव त्या जीवाच्या शास्त्रीय नावात कायमचे गुंफले गेले.

लँबिक हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लेखी साधनांत भेटते, आणि १८५१ मध्ये जी. लाकांब्र यांनी बियरनिर्मितीवर जो विस्तृत फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ब्रसेल्सच्या बियरना स्वतंत्र जागा मिळाली आहे. त्या काळी शहरात एकाच धान्यातून तीन पेये निघत. पहिल्या, घट्ट काढ्याची लँबिक; त्याच धान्यावर पुन्हा पाणी फिरवून काढलेली मार्स नावाची हलकी बियर; आणि या दोहोंचे मिश्रण करून त्यात खडीसाखर किंवा भाजक्या साखरेचा गोडवा घातलेली फारो. रोज संध्याकाळी कारागीर आणि मजूर पीत ती फारो. १८६४ ते १८६६ या काळात ब्रसेल्समध्ये राहिलेला फ्रेंच कवी शार्ल बोदलेअर या शहरावर जितका चिडला तितकाच फारोवरही चिडला, आणि तिचा उगम त्याने झेने नदीच्या घाणीशी जोडला. झेने ही ब्रसेल्समधून वाहणारी नदी, जिला फ्रेंच भाषक सेन म्हणतात आणि जिची पॅरिसच्या नदीशी गल्लत होऊ देऊ नये, ती तेव्हा खरोखरच शहराचे उघडे गटार झाली होती. १८६६ मध्ये पटकीची साथ आली, आणि महापौर ज्यूल आन्स्पाख यांच्या कारकिर्दीत १८६७ ते १८७१ या काळात शहरातील नदी कमानींखाली झाकून तिच्यावर रुंद राजमार्ग बांधले गेले. लँबिकचा संबंध झेनेच्या खोऱ्याशी आजही अभिमानाने सांगितला जातो, पण ज्या शहरात ती बियर मोठ्या प्रमाणात प्यायली गेली तिथे ती नदी दीडशे वर्षे भूमिगत आहे.

फारोत साखर असे, पण ती आयत्या वेळी घातलेली असे, कारण जिवंत यीस्ट असलेल्या बियरमध्ये आधी साखर घालून ठेवली तर ती काही दिवसांतच फसफसून संपते. लँबिक पिणाऱ्याच्या हाती तर यापुढचेही स्वातंत्र्य होते. ब्रसेल्स आणि पायोटनलांटच्या जुन्या पानगृहांत लँबिक किंवा क्रीक दगडी मातीच्या कुंज्यातून ओतली जाई आणि तिच्याबरोबर साखरेच्या वड्या व स्टुम्पर नावाचा, टोकाला चपटी चकती असलेला धातूचा लहान दांडा समोर येई. ज्याला आंबट सोसवत नसेल त्याने वडी पेल्यात टाकून दांड्याने चिरडावी, ज्याला सोसवते त्याने दांड्याला हात लावू नये. शेजारी काळ्या पावाचा तुकडा, त्यावर ताजे पांढरे चीज आणि लाल मुळ्यांच्या चकत्या, असा बेत असे. दोन माणसे एकाच पिंपातली बियर पीत आणि दोघांच्या पेल्यांतली चव निरनिराळी असे; चवीचा शेवटचा निर्णय मेजावर होत होता.

पिंपातली लँबिक कोणताही फेस नसलेली, सपाट असते. तिला फेसाळ करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक ठरावीक प्रमाणात मिसळून जाड काचेच्या, बरेचदा शँपेनच्या जुन्या बाटल्यांत भरायची, म्हणजे कोवळ्या लँबिकमधली शिल्लक साखर आणि म्हाताऱ्या लँबिकमधले कसलेले यीस्ट यांच्या संयोगाने बाटलीतच वायू तयार होतो. हीच ग्यूझ. हे मिश्रण करणे हा एक वेगळा व्यवसाय झाला. मिश्रक स्वतः बियर शिजवत नसत, निरनिराळ्या ब्रुअऱ्यांकडून ताजा वर्ट विकत घेऊन आपल्या तळघरात पिंपांत वाढवत आणि पिंपामागून पिंप चाखून मेळ जमवत. आंडरलेख्त या ब्रसेल्सच्या उपनगरात पॉल कांतियों आणि त्यांची पत्नी मारी ट्रोख यांनी १९०० मध्ये सुरू केलेले घर असेच मिश्रकाचे होते, आणि स्वतःची कूलशिप त्या घराण्याने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात घेतली. पानगृहांचे मालक आणि काही शेतकरीही पिंपे ठेवत. ज्याच्याकडे पिंप आणि घरामागे चेरीचे झाड, त्याच्याकडे उन्हाळ्यात क्रीक होणे ओघानेच आले.

ही चेरी कोणतीही चालत नसे. ब्रसेल्सच्या ईशान्येला असलेले स्खारबेक हे गाव एका आंबट, लहान, जवळजवळ काळ्या चेरीसाठी प्रसिद्ध होते. गर थोडा, आठळी मोठी आणि रस आंबट व गडद असे हे फळ तसेच खाण्यात फारशी मजा नाही, पण लँबिकमध्ये घातल्यावर त्याचा कस लागतो. गावकरी गाढवांवर टोपल्या लादून फळे आणि भाजी शहराच्या बाजारात नेत, आणि त्यावरून स्खारबेकला गाढवांचे गाव हे टोपणनाव पडले, जे तिथल्या रहिवाशांनी लाज न वाटू देता मिरवले. गावच्या जोसाफात उद्यानात आजही गाढवे पाळलेली आहेत. मात्र चेरीची झाडे तिथे शोधू नयेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हजार-बाराशे वस्तीचे असलेले हे खेडे रेल्वे आणि राजधानीच्या वाढीने गिळले, पहिल्या महायुद्धानंतर त्याची वस्ती लाखाच्या घरात गेली, आणि ज्या वाड्यांतून चेरी येत होती त्यांच्यावर विटांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. झाडाचे वाण पायोटनलांटच्या कुंपणांत आणि परसांत तुरळक टिकून राहिले, तेही उंच वाढणारे, हाताने तोडायला कष्टाचे आणि यंत्राने झोडपायला गैरसोयीचे, म्हणून बागाईतदारांनी नव्याने लावणे सोडून दिलेले.

फळ आणि बियर यांची गाठ पडते ती दोघांच्या हंगामामुळे, आणि हा योग मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. उन्हाळ्यात लँबिक शिजत नाही. ब्रुअरच्या हाताला काम नसते आणि तळघरात एक-दोन वर्षांची मुरलेली बियर तयार असते. नेमक्या याच वेळी, जुलैमध्ये, चेरी पिकते आणि चार दिवसांत सडू लागते. नासणारे फळ टिकवायला आंबट, आम्लयुक्त बियरसारखे दुसरे माध्यम नाही, कारण तिच्या आम्लतेत बुरशी आणि सडवणारे जंतू सहसा तग धरत नाहीत. चेरी आठळीसकट, न ठेचता पिंपात टाकतात. प्रमाण साधारण एका लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या पिंपाला शंभर किलोच्या पुढे. फळाच्या सालीवरचे आणि पिंपातले यीस्ट साखर सापडताच जागे होते, आणि काही दिवसांत पिंपाच्या तोंडातून गुलाबी फेस उसळू लागतो. तोंड फळांनी तुंबून पिंप फुटू नये म्हणून त्याच्या आत बारीक डहाळ्यांची किंवा गवताची जुडी अडकवून ठेवण्याची जुनी रीत होती. खवळणे शमल्यावर फळ हळूहळू तळाशी बसते, गर विरघळून जातो आणि आठळ्या उघड्या पडतात. त्या आठळ्यांमधील बेंझाल्डिहाइड हे द्रव्य बदामाचा वास देते, आणि बियर महिनोन्महिने त्यांच्यावर उभी राहिल्याशिवाय तो वास उतरत नाही. पुढे ही लाल बियर थोड्या कोवळ्या लँबिकबरोबर बाटलीत भरली की तिच्यातही ग्यूझप्रमाणे वायू धरतो. तळघरात कोळ्यांची जाळी झाडत नाहीत, कारण फळांमागे येणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळीच करतात. रास्पबेरीचीही अशीच बियर होत असे, पण तिचे फळ नाजूक आणि रंग लवकर उडणारा, त्यामुळे घरोघरी मान राहिला तो चेरीचाच.

बियरमध्ये फळ घालणे शेजारच्या देशांत मात्र मागे पडत गेले. बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानाने बियरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही नसावे असे सांगितले होते, आणि त्या तत्त्वाचा अंमल पुढे संपूर्ण जर्मनीवर बसला. बर्लिनच्या आंबट गहू-बियरला जी रास्पबेरीची जोड मिळते ती पेल्यात ओतलेल्या सरबताची असते. बेल्जियमवर असा कायदा कधी आला नाही. तिथे धोका आला तो विज्ञानाच्या बाजूने. लुई पास्चर यांचा बियरवरील ग्रंथ १८७६ मध्ये निघाला, एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये कार्ल्सबर्गमध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले, आणि कृत्रिम शीतकरणामुळे बारमाही, स्वच्छ, स्वस्त लागर बियर शक्य झाली. जिथे एकच यीस्ट आणि ठरलेले तापमान म्हणजे प्रगती, तिथे तीन वर्षे भांडवल अडकवून ठेवणारी आणि पिंपागणिक वेगळी लागणारी लँबिक जुनाट ठरणे अपरिहार्य होते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने ब्रुअऱ्यांमधले तांबे उचलून नेले, तेव्हा अनेकांच्या उकळण्याच्या कढया आणि कूलशिप त्यात गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तीन हजारांहून अधिक असलेल्या बेल्जियन ब्रुअऱ्या शतकाअखेर शंभर-सव्वाशेवर आल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोड शीतपेयांची सवय लागलेली पिढी आंबट बियरकडे पाठ फिरवू लागली, आणि ज्यांना टिकायचे होते त्यांनी साखर ब्रुअरीतच घालायला सुरुवात केली. बियर गाळायची, गोड करायची आणि पाश्चरीकरणाने यीस्ट मारून टाकायचे, म्हणजे साखर बाटलीत तशीच राहते. लहान बाटली, पत्र्याचे बूच आणि सर्वत्र एकच चव. ब्रसेल्समधील बेल-व्ह्यू या घराण्याने हा मार्ग सर्वांत यशस्वीपणे चोखाळला, अनेक लहान ब्रुअऱ्या विकत घेतल्या, आणि अखेर १९९१ मध्ये ते स्वतः इंटरब्रू या मोठ्या कंपनीत गेले; घराण्याचे प्रमुख कोन्स्टां व्हांडन स्टोक आंडरलेख्तच्या प्रख्यात फुटबॉल क्लबचे अध्यक्ष होते आणि तिथले मैदान दीर्घकाळ त्यांच्याच नावाने ओळखले गेले. गोड क्रीकवर तुटून पडणाऱ्या टीकाकारांनी एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की व्लेझेनबेकच्या लिंडेमान्ससारख्या शेतकरी ब्रुअऱ्या गोड क्रीकच्या विक्रीवरच तगल्या आणि त्यांच्या कूलशिप त्यामुळेच वाहत्या राहिल्या. साखर या परंपरेला परकी कधीच नव्हती. नुकसान झाले ते दुसरे: स्टुम्पर मेजावरून नाहीसा झाला, गोडव्याचा निर्णय पिणाऱ्याच्या हातून कारखान्याच्या हाती गेला, आणि साखरेच्या आड फळ किती, कोणते आणि किती काळ मुरलेले, हे जिभेला कळेनासे झाले. रस वापरला काय आणि सबंध चेरी वापरली काय, पिणाऱ्याला फरक लागेना, आणि मग महाग चेरी वापरण्याचे कारणच उरले नाही.

याला विरोध झाला तो मूठभर माणसांकडून. ज्यां-पिएर व्हान रॉय हे कांतियों घराण्याचे जावई. त्यांनी १९७८ मध्ये आपली ब्रुअरी हेच ग्यूझचे संग्रहालय म्हणून लोकांना खुले केले, आणि प्रेक्षकांच्या तिकिटांनी व चाखण्याच्या पेल्यांनी एका आजारी व्यवसायाला हात दिला. फ्रांक बोन या तरुणाने १९७० च्या दशकात लेंबेक गावातील एका वृद्ध मिश्रकाचा व्यवसाय विकत घेतला, तेव्हा त्या धंद्यात नव्याने कोणी शिरत नव्हते. ब्रिटिश बियर-लेखक मायकेल जॅक्सन यांनी १९७७ पासून आपल्या पुस्तकांतून या बियरची जगाला ओळख करून दिली. १९९७ मध्ये लँबिक-निर्मात्यांची होराल ही संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी युरोपीय संघाने जुन्या पद्धतीच्या ग्यूझ आणि क्रीकला पारंपरिक वैशिष्ट्याची हमी दिली, ज्यामुळे बाटलीवर जुनी असे विशेषण लावायचे तर बियर पूर्णपणे लँबिकचीच आणि बाटलीत पुन्हा आंबलेली असणे बंधनकारक झाले. २०१६ मध्ये बेल्जियमची बियर-संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, तोवर लँबिकच्या बाटल्यांसाठी परदेशी गिऱ्हाइकांची रीघ लागलेली होती. बेरसेलच्या द्री फोंटेइनेनचे मालक आर्मांड डेबेल्डर यांनी १९९० च्या दशकाअखेर स्वतः लँबिक शिजवायला घेतली, पण २००९ मध्ये कोठारातील तापमान राखणारे यंत्र बिघडून हवा तापत गेली आणि हजारो बाटल्या फुटल्या किंवा निकामी झाल्या. काही वर्षे त्यांना शिजवणे थांबवून पुन्हा निव्वळ मिश्रक व्हावे लागले, आणि खराब झालेल्या ग्यूझचे ऊर्ध्वपातन करून काढलेले मद्य विकून त्यांनी घर सावरले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा या पेयाची एक चालतीबोलती शाळा मिटली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

जुनी क्रीक चाखण्याची रीतही तिच्या घडणीतूनच आली आहे. बाटली तळघरात आडवी असते आणि वेताच्या टोपलीत तशीच तिरपी ठेवून मेजावर आणतात, कारण उभी केली की तळाचा गाळ ढवळला जातो. बूच निघताच येणारा पहिला वास चेरीचा नसतोच बहुधा. तो ओल्या लाकडाचा आणि सुक्या गवताचा असतो, आणि पेला क्षणभर हातात राहिला की मग सालीचा व आठळीचा वास वर येतो. फेस गुलाबी आणि चटकन विरणारा. रंग कोवळेपणी माणकासारखा लाल असतो आणि वर्षे उलटतील तसा विटकरीकडे झुकतो. पहिल्या घोटाला आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना झोंबतो, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जीभ सरावते आणि त्या आंबटपणाच्या आत फळ, लाकूड आणि धान्य वेगवेगळे जाणवू लागतात. शेवट कोरडा, किंचित तुरट, आठळीच्या कडवटपणाचा. गव्हामुळे अंगाला येणारी मऊसर घडण कोवळ्या लँबिकमध्ये स्पष्ट कळते, पण जुन्या क्रीकमध्ये ब्रेटॅनोमायसीसने ती जवळपास खाऊन टाकलेली असते. मद्यार्क बहुधा ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हे पेय झिंगेसाठी नव्हे. जो या बियरमध्ये चेरीची मिठाई शोधेल त्याची निराशा ठरलेली आहे. वाइनचा किंवा आंबट ताज्या फळांचा सराव असलेली जीभ मात्र तिथे लवकर रुळते, आणि जुनी क्रीक नेहमीची बियर पिणाऱ्यांपेक्षा वाइन पिणाऱ्यांत अधिक आप्त मिळवते, याचे कारण हेच.

जुन्या क्रीकची मागणी परत आली तरी तिच्या दोन आधारांची चणचण कायम आहे. एक आधार फळाचा. स्खारबेकचे वाण पुरेसे मिळत नसल्याने बहुतेक क्रीकसाठी इतर आंबट वाणांची, पुष्कळदा पोलंडसारख्या देशांतून आलेली चेरी वापरली जाते. जे निर्माते स्खारबेकच्या फळाचाच आग्रह धरतात त्यांना पायोटनलांटमधील घरांच्या परसांतील झाडांवरून, तिथल्या कुटुंबांनी हाताने तोडून आणलेली फळे गोळा करावी लागतात, आणि आता काही ठिकाणी रोपे नव्याने लावली जात आहेत. दुसरा आधार थंडीचा, आणि तो माणसाच्या हाती नाही. कूलशिपमधला वर्ट नीट निवायला रात्रीचे तापमान शून्याच्या थोडे खालपासून आठ अंशांच्या आसपासपर्यंत असावे लागते. अशा रात्रींचा हंगाम शतकभरात आखूड होत आला आहे; २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये रात्री इतक्या उबदार होत्या की कांतियोंला ठरलेले घाणे रद्द करावे लागले. यंत्राने वर्ट थंड करणे अवघड नाही, पण मग रात्रीची हवा त्याला लागत नाही आणि जी बियर तयार होईल ती लँबिक राहत नाही. त्यामुळे रात्र उबदार असली की घाणा घेतला जात नाही, आणि एखाद्या हिवाळ्यात जितके घाणे हुकतात तितकी दोन उन्हाळ्यांनंतरची क्रीक आणि तीन वर्षांनंतरची ग्यूझ कमी भरते.